एकेचाळिसावा रकाना

कारखान्याच्या कार्ड खोलीत मी कामाला लागले तेव्हा वीस वर्षांची होते. वडील त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन. सरकारनं बंगळूरला नवा कारखाना काढला आणि पन्नास सालानंतर लगेचच ते आम्हाला घेऊन पुण्याहून इकडे आले. दहा-अकरा वर्षांनी त्यांची नजर अधू झाली. बारीक रेघा दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. टायपिंगची परीक्षा घेतली, बोटं चपळ आहेत असा शेरा मिळाला आणि मी बसवनगुडीच्या कोपऱ्यावरून सकाळी सातची कारखान्याची बस पकडू लागले.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डापेक्षा लांब, पिवळट, जाड कागदाचा तुकडा. त्यावर ऐंशी उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात वरून खाली शून्य ते नऊ आकडे छापलेले. हवा तो आकडा पंचिंगच्या यंत्रावर दाबला की त्या जागी चौकोनी भोक पडायचं. माणसाचा नंबर, वय, खातं, वजन, सगळं भोकांत. मग ती कार्डं सॉर्टरमध्ये घातली की यंत्र भोकं ओळखून ती वेगवेगळ्या खणांत टाकायचं, आणि शेजारचं मोठं यंत्र त्यांची यादी छापायचं. संगणक नव्हता तो. पण बाहेरची माणसं आमच्या खोलीला ‘मेंदू’च म्हणायची.

आम्ही सहा मुली होतो. एकीनं पंच केलेली कार्डं दुसरीनं पडताळायची, असा नियम होता. दुसरी तेच आकडे पडताळणीच्या यंत्रावर पुन्हा दाबायची. जुळले तर यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच पाडायचं. खाच नसलेलं कार्ड पुढं सरकत नसे. बंगळूरच्या भुरभुर पावसात कार्डं दमट होऊन फुगत, सॉर्टरमध्ये अडकून त्यांचा चुरा होई. तो चुरा चिमट्यानं काढून, तुकडे जुळवून आम्ही नवं कार्ड करायचो. हातावर, केसांत, डब्यातल्या भातावर कागदाचा बारीक भुसा असायचा.

खोलीचे प्रमुख धारवाडकडचे होते. घरी मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींत सारखेच रमणारे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते मला ‘तंगी’ म्हणायचे, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. पन्नाशीला आलेले, सडपातळ, खिशात कायम दोन पेनं. अण्णा मराठी मासिकांत विज्ञानाच्या गोष्टी लिहायचे. त्यांचं अक्षर संपादकांना लागत नसे, म्हणून डबा खाऊन झाला की उरलेल्या वेळात मी त्यांची हस्तलिखितं स्वच्छ लिहून द्यायची. मला ते काम आवडायचं. वाचायला दुसरं मराठी फारसं मिळायचंही नाही.

त्या गोष्टींतली यंत्रं आमच्या यंत्रांसारखी अजिबात नव्हती. त्यांत दिवे लुकलुकायचे, फितीची चाकं गरगर फिरायची, आणि एका कार्डावर माणसाचा अख्खा जन्म मावायचा. एका दिवाळी अंकातली त्यांची गोष्ट फार गाजली. एका शहराच्या मध्यभागी दगडी इमारत असते. तिच्यात प्रत्येक नागरिकाचं एक कार्ड. एका सकाळी यंत्र आपणहून लाखांतून एकच कार्ड बाहेर टाकतं. डॉक्टर धावत जातात. कार्ड असतं एका शाळामास्तरचं. त्याला काहीही होत नसतं, पण यंत्राला त्याच्या छातीतला रोग कळलेला असतो. मास्तर वाचतो आणि शेवटी येऊन यंत्रासमोर हात जोडतो.

ती लिहून काढताना मी विचारलं होतं, “अण्णा, तुमच्या गोष्टीत कार्ड कधी अडकत नाही?”

ते हसले. “गोष्टीत अडकलं तर वाचणार कोण, तंगी? लोकांना विश्वास ठेवायला काहीतरी पाहिजे की.”

त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्यात सगळ्या कामगारांच्या छातीचे एक्स-रे काढायचे ठरले. एक मोटार आली, तिच्यातच फोटो काढायचं यंत्र. खात्याखात्यानं माणसं रांगेत उभी राहिली. डॉक्टर फोटो बघून एका चिठ्ठीवर आकडा लिहायचे. एक म्हणजे छाती स्वच्छ, दोन म्हणजे संशय, तीन म्हणजे फोटो नीट आला नाही, पुन्हा काढा. चिठ्ठ्यांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे. त्यावरून आम्ही कार्डं करायची, आणि सॉर्टरनं दोनचा आकडा असलेली कार्डं बाजूला काढली की यादी छापून दवाखान्यात पाठवायची. एवढ्या हजारो माणसांतून आजारी माणूस अर्ध्या तासात सापडणार, म्हणून साहेब लोक खूश होते. निकालाचा आकडा एकेचाळिसाव्या रकान्यात जायचा.

दिल्लीहून पाहुणे यायचे होते. ते येण्याआधी यादी तयार हवी, असा वरून तगादा लागला. नेमकी तेव्हाच पडताळणी करणाऱ्या दोघी रजेवर, एकीचं लग्न आणि दुसरीला कावीळ. शेवटचे दोन ट्रे माझ्या पंचिंगचे होते, जवळपास चार हजार कार्डं. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, कार्डांकडे पाहिलं.

“तुझं काम मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या कार्डांत चूक निघत नाही. एवढ्या वेळेला राहू दे.”

“पण खाच?”

त्यांनी खण उघडून बस कंडक्टरकडे असतो तसला हातातला पंच काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “गठ्ठा धर नि पाड.”

मी पाडल्या. पाच-पाच, सहा-सहा कार्डं धरून दुपारभर खाचा पाडल्या. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट आपल्या कामावर इतका भरवसा आहे याचा अभिमान वाटला. खोटं का बोलू?

आमच्या बसमध्ये मशीन शॉपमधला एक फिटर असायचा. खानापूरकडचा. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलका. मी मराठी आहे हे कळल्यापासून मला ताई म्हणायचा, आणि बायकोनं केलेली शेंगदाण्याची चटणी अधूनमधून कागदात बांधून आणायचा. त्याला वाचायची ओढ होती. अण्णांच्या गोष्टीचा तो दिवाळी अंक मीच त्याला दिला. तो त्यानं इतक्यांदा वाचला की मुखपृष्ठ सुटून आलं.

त्या पावसाळ्यात तो खोकायला लागला. आधी मला वाटलं, मशीन शॉपमधल्या तेलाच्या धुरानं असेल. नंतर त्याचे खांदे सदऱ्यात सैल दिसू लागले. एके सकाळी बसमध्ये मी त्याला म्हटलं, “दवाखान्यात जाऊन या की हो एकदा.”

“फोटो काढला की गेल्या सालाला,” तो म्हणाला. “बोलावणं आलं न्हाई. म्हंजे चांगलंच हाय न्हवं?”

“बोलावणं आलं नाही ना? मग छाती स्वच्छ आहे,” मी म्हणाले. “काही असतं तर आमच्या यंत्रानं काढलं असतं शोधून.”

“त्या मास्तरासारखं,” तो म्हणाला आणि हसता हसता त्याला पुन्हा खोकला आला.

हे बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. पुढं जे चुकीचं भोक सापडलं, ते नकळत पडलं होतं. हे मात्र मी जाणूनबुजून, पूर्ण खात्रीनं, त्याच्याकडे बघून बोलले. त्यानंतर तो पाच महिने दवाखान्याकडे फिरकला नाही.

एका दुपारी तो लेथपाशी कोसळला. तोंडातून रक्त आलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याचा जुना फोटो काढून पाहिला. उजव्या फुप्फुसावर वर एक डाग स्पष्ट दिसत होता. सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्याच हातचा दोन होता. म्हणजे वर्षभरापूर्वीच त्याला बोलवायला हवं होतं. डॉक्टरांनी आमच्या छापील यादीत पाहिलं. त्यात त्याचा नंबर नव्हता. त्यांनी अण्णांना फोन केला.

अण्णांनी मला काही न सांगता ट्रे काढायला लावला. त्याचं कार्ड सापडायला चार-पाच मिनिटं लागली. खिडकीशी उजेडात धरलं. एकेचाळिसाव्या रकान्यात भोक होतं, पण एक घर वर. दोनच्या जागी एक. कार्डाच्या टोकाला पंच करणारीचा नंबर असायचा. तो माझा. आणि उजव्या कडेला खाच, जरा तिरकी, हातानं पाडलेली.

मी स्टुलावर बसले. अण्णांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं.

“डॉक्टर उद्या सकाळी कार्ड बघायला येणार,” ते म्हणाले. “हे दिसलं तर तुझी नोकरी जाईल. पडताळणी का नाही झाली असं विचारतील, तेव्हा माझीही जाईल.”

“मग?”

“नवं पंच कर. दोन घाल.”

“पण यादीत त्यांचा नंबर नाही, अण्णा.”

“कार्ड बरोबर आणि यादीत नंबर नाही, म्हणजे सॉर्टरनं चुकीच्या खणात टाकलं.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “यंत्र आहे. होतं कधीकधी.”

सगळी यंत्रं बिनचूक असतात असं ज्यांनी आयुष्यभर लिहिलं, त्या माणसाच्या तोंडून हे निघालं. आणि मी उठून यंत्रावर बसले. ऐंशी रकाने. एकही चूक झाली नाही. या वेळी पडताळणी अण्णांनी स्वतः केली. यंत्रानं नीट, सरळ खाच पाडली. जुनं कार्ड त्यांनी चार तुकडे करून खिशात घातलं. अहवालात लिहिलं गेलं, यांत्रिक बिघाड. दोन दिवस एक मेकॅनिक येऊन चांगल्याभल्या सॉर्टरचे भाग सोडवून बसला होता.

फिटरला गावाबाहेरच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. औषधं तेव्हा आली होती, इंजेक्शनं मिळत होती. वेळेवर सापडलेली माणसं बरी होऊन परत कामावर येत. आमच्याच यादीतली कितीतरी आली. पण त्याची आता दोन्ही फुप्फुसं पोखरली गेली होती. मी तीनदा भेटायला गेले. लांब व्हरांडा, ओळीनं खाटा, आणि बाहेर निलगिरीची झाडं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याची बायको पायथ्याशी बसून त्याचे पाय चेपत होती. लहानखुरी, काळीसावळी, डोळे खोल गेलेले. तिलाही लागण झाली होती, पण लवकर कळलं म्हणून ती औषधांवर होती.

“ताई,” तो म्हणाला. आवाज उरला नव्हता, नुसता श्वास. “मशीन चुकलं म्हणे.”

मी “हो” म्हणाले.

“अण्णांना सांगा तसं. गोष्टीत घालायला पायजे.”

तो रागानं बोलत नव्हता. गंमतही करत नव्हता. एका वाचकानं लेखकाला सुचवावं तसं सुचवत होता. त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, “स्वल्प पाणी द्या की तिकडलं.” मी तांब्या दिला आणि निघाले. फाटकापर्यंत येताना मागं वळून सांगावं असं वाटलं, अगदी दोनदा वाटलं. मी चालत राहिले.

तो होळीच्या आधी गेला.

त्यानंतर अण्णांनी वर्षभर काही लिहिलं नाही. मग एक दिवस त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवले. नेहमीसारखं डबा खाऊन मी लिहायला बसले. गोष्ट कार्डांच्या कचेरीतल्या एका मुलीची होती. तिच्या हातून एक भोक चुकतं. त्यापायी एक माणूस मरतो. मुलगी रडत त्याच्या विधवेकडे जाते, सगळं कबूल करते. विधवा तिला उठवून छातीशी धरते, म्हणते, पोरी, तुझा काय दोष? बाहेर पाऊस थांबतो. प्रमुख वगैरे त्या गोष्टीत कुणीच नव्हता. हातातला पंच नव्हता. दुसरं कार्डही नव्हतं.

दोन पानं लिहून मी पेन ठेवलं.

“मी हे नाही लिहिणार, अण्णा.”

“का?”

“मी गेले कुठं त्यांच्याकडे? तुम्ही मला रडायला लावलंत, माफीही मिळवून दिलीत. आणि तुम्ही कुठं आहात यात?”

त्यांचा चेहरा उतरला. “मग काय लिहू?”

“झालं ते.”

“झालं ते लिहिता आलं असतं,” ते हळूच म्हणाले, “तर ही गोष्ट कशाला लिहिली असती?”

गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतली. छापून आली. वाचकांची पत्रं आली, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. ती पत्रं अण्णांनी मला दाखवली नाहीत, पण त्यांच्या टेबलावर पडलेली मी पाहिली. दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन धारवाडला गेले.

अण्णा धारवाडला गेल्यावर मी फिटरच्या बायकोकडे गेले. नवऱ्याच्या जागी तिला कारखान्यानं वायंडिंग खात्यात, तारांची वेटोळी गुंडाळायच्या कामावर, घेतलं होतं. चामराजपेटेत दोन खोल्यांच्या घरात राहायची. रविवारची सकाळ होती, ती तांदूळ निवडत होती. मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. हातानं पाडलेल्या खाचा, एक घर वर पडलेलं भोक, बदललेलं कार्ड, आणि बसमध्ये मी त्याला काय म्हणाले होते तेही. सांगताना मला रडू आलं नाही. तिचे हात ताटात फिरतच होते.

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “ह्ये त्यांना ठाऊक होतं?”

“नाही.”

“ते जित्ते असताना तीनदा आला हुता तुम्ही.”

“हो.”

“मग आता मला कशाला सांगताय?”

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “त्या कागदावर त्यांचं काय काय असायचं?”

मी आठवून सांगितलं. नंबर, वय, खातं, उंची, वजन, छाती फुगवून किती, न फुगवता किती.

“नाव?”

“नाव नसायचं. नंबर.”

“सरी,” ती म्हणाली, कानडीत ‘बरं’ म्हणतात तसं. मग उठली, ताट आत नेलं आणि बाहेर आली नाही. मी थोडा वेळ पाटावर बसून राहिले. आतून चुलीचा धूर येऊ लागला. शेवटी दार ओढून घेऊन मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या नावानं एक पत्र लिहिलं. त्यात फक्त माझंच लिहावं असं आधी ठरवलं होतं, पण लिहिताना अण्णांचंही लिहिलं. झालं ते लिहायचं, असं मीच त्यांना म्हटलं होतं. आधीचे डॉक्टर आणि साहेब, दोघेही बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मला बोलावलं, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं की यातून आता कुणाला काय हवं आहे. मी म्हणाले, अहवालातलं वाक्य बदला, चूक यंत्राची नव्हती. ते म्हणाले, बंद झालेली फाइल उघडता येत नाही, पण तुमचं पत्र तिच्यात लावून ठेवतो. लावलं की नाही ते मला माहीत नाही. मला एक मेमो मिळाला, बेशिस्तीबद्दल. त्यात कोणती बेशिस्त हे लिहिलेलं नव्हतं.

साठचं दशक संपता संपता खोलीत पहिला संगणक आला. त्याच्याबरोबर चुंबकीय फितीची रिळं आली, अण्णांच्या गोष्टींतल्यासारखीच गरगर फिरणारी. ती बघायला दुसऱ्या खात्यांतली माणसं काचेपलीकडे गर्दी करायची. पण फितीत माहिती जायची ती अजूनही कार्डांवरूनच. तोवर खोलीची प्रमुख मी झाले होते. पडताळणीशिवाय एकही ट्रे मी पुढं जाऊ दिला नाही. साहेबांचा तगादा असो, पाहुणे असोत, मी ट्रेवर हात ठेवून उभी राहायची. नव्या मुली मला कडक म्हणायच्या, आणि मी दुसरीकडे गेले की माझी नक्कल करायच्या. करू दे.

ती बाई वायंडिंगमध्ये पुढं बरीच वर्षं होती. कँटीनच्या रांगेत कधी समोरासमोर यायचो. ती मान वळवायची नाही, ओळखही द्यायची नाही. माझ्यामागं रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायची, आणि आपलं ताट घेऊन पुढं जायची.